जीलिबसीत दोष सापडला: नवख्यांनी सर्व्हर पॅच कसा करावा

लिनक्स सर्व्हरची जबाबदारी ज्यांच्याकडे नुकतीच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. दादरची पॅथॉलॉजी लॅब असो, फोर्टमधलं सीए ऑफिस असो, मशीद बंदरातला मालवाहतुकीचा धंदा असो की गिरगावातली पतसंस्था. मुंबईत कितीतरी ठिकाणी एखादं उबुंटू किंवा डेबियन मशीन कोपऱ्यात, नाहीतर भाड्याच्या क्लाउडवर, वर्षानुवर्षं चालू असतं. त्यासाठी पूर्णवेळ माणूस नसतो. मग एके दिवशी बातमी येते, की सिस्टिमच्या गाभ्यातल्या लायब्ररीत दोष सापडलाय आणि साध्या युजरला रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर, होता येतं.

अशा वेळी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने, हे मी २०२३ सालच्या ‘लूनी ट्यूनेबल्स’ या दोषाच्या आधाराने सांगतो. सीव्हीई या जाहीर दोषांच्या जागतिक यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२३-४९११. पुढचा दोष वेगळ्या नावाने येईल, पण कामाचा क्रम हाच राहील. पॅच, म्हणजे दोषाची दुरुस्ती, बसवायची आज्ञा दोन मिनिटांत संपते. खरं काम तिच्या आधी आणि नंतर असतं, आणि नवखे लोक बहुधा नंतरचं काम सोडून देतात.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करा.

दोष नेमका कुठे होता

जीलिबसी ही लिनक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी. फाइल उघडणं, मेमरी मागणं, युजरचं नाव शोधणं, सगळं तिच्यामार्फत चालतं. तिच्यासोबत एक डायनॅमिक लोडर येतो, एलडी डॉट एसओ. प्रोग्रॅमची स्वतःची पहिली ओळ चालण्याआधी हा लोडर चालतो आणि लागतील त्या लायब्ऱ्या मेमरीत आणून जोडतो.

आता सुडो, एसयू, माउंट, पासवर्ड बदलायची आज्ञा, हे प्रोग्रॅम बघा. त्यांच्यावर सेटयूआयडी नावाची खूण असते. साध्या युजरने चालवले तरी ते रूटच्या अधिकाराने चालतात. तसं नसतं तर कुणाला स्वतःचा पासवर्डही बदलता आला नसता, कारण पासवर्ड ज्या फाइलीत असतात ती फाइल रूटची. म्हणजे असा प्रोग्रॅम सुरू होताना लोडरकडे रूटचा अधिकार असतो, पण त्याला मिळणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल साध्या युजरने ठरवलेले असतात. धोका इथेच असतो.

जीलिबसी_ट्यूनेबल्स हे असंच एक व्हेरिएबल. मेमरी वाटपासारख्या गोष्टींचं वर्तन त्यातून बदलता येतं. सेटयूआयडी प्रोग्रॅम असेल तर लोडर त्याची प्रत काढतो आणि तिच्यातली धोक्याची सेटिंग्ज गाळून टाकतो. हे गाळणारा कोडच चुकला होता. ‘नाव=किंमत’ अशी रचना अपेक्षित असताना कुणी मुद्दाम ‘नाव=नाव=किंमत’ असं दिलं, की मजकूर दोनदा उतरवला जायचा आणि राखून ठेवलेल्या जागेच्या बाहेर सांडायचा. त्या सांडलेल्या मजकुरातून लोडरला भलतीच लायब्ररी उचलायला लावता येत होती, आणि तीही रूटच्या अधिकाराने.

ही चूक एप्रिल २०२१मध्ये कोडमध्ये आली आणि २.३४ या आवृत्तीतून सगळीकडे पोचली. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ३ ऑक्टोबर २०२३ रोजी ती जाहीर केली. फेडोरा ३७ आणि ३८, उबुंटू २२.०४ आणि २३.०४, डेबियन १२ आणि १३ यांवर त्यांनी रूट मिळवून दाखवलं. अल्पाइन लिनक्स यातून सुटलं, कारण त्यात जीलिबसी नसतेच, मसल नावाची वेगळी लायब्ररी असते.

“हा तर लोकल दोष आहे, बाहेरून कुणी येऊ शकत नाही,” असं म्हणून अनेक ऑफिसांत हे काम पुढे ढकललं जातं. मला हे मान्य नाही. लोकल याचा अर्थ मशीनसमोर खुर्ची टाकून बसलेला माणूस असा होत नाही. वेबसाइटच्या जुन्या प्लगइनमधून आत शिरलेला हल्लेखोरही त्या क्षणापासून लोकलच असतो. त्याच्या हातात वेब सर्व्हरचा दुबळा युजर येतो, आणि तिथून रूटपर्यंत जायला त्याला असाच दोष हवा असतो. हे नुसतं पुस्तकी नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये किन्सिंग नावाची टोळी हेच करताना आढळली. पीएचपीयुनिट या पीएचपी कोड तपासायच्या साधनातल्या २०१७ सालच्या जुन्या दोषातून आत शिरायचं आणि मग लूनी ट्यूनेबल्स वापरून बघायचं. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने, प्रत्यक्ष वापरात असलेल्या दोषांच्या आपल्या यादीत तो टाकला.

पायरी पहिली: मशीनची यादी

कागद घ्या किंवा शीट उघडा आणि आपल्याकडे लिनक्स कुठेकुठे आहे ते लिहा. मुख्य सर्व्हर सगळ्यांना आठवतो. विसरतात ते बाकीचे: बॅकअप घेणारं जुनं मशीन, कधीतरी चाचणीसाठी भाड्याने घेतलेला आणि बंद न केलेला क्लाउड सर्व्हर, व्हर्च्युअल मशीन, डॉकर कंटेनर, डेव्हलपरच्या विंडोज लॅपटॉपवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालणारं उबुंटू. प्रत्येकाच्या पुढे तीन गोष्टी हव्यात: कोणतं डिस्ट्रो (उबुंटू, डेबियन यांसारखं लिनक्सचं वितरण) आणि आवृत्ती, त्यावर कुणाकुणाला लॉगिन आहे, आणि त्यावरची वेबसाइट बाहेरून दिसते का. जिथे अनेकांना लॉगिन आहे किंवा वेबसाइट जगाला उघडी आहे, ते मशीन आधी घ्यायचं. कॉलेजच्या लॅबमधला, पन्नास मुलांना शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, मिळणारा सर्व्हर असेल तर तो सगळ्यांच्या आधी.

पायरी दुसरी: आवृत्ती नीट वाचा

इथे बरेच जण फसतात, म्हणून सावकाश सांगतो.

उबुंटू आणि डेबियनवर ‘डीपीकेजी -एल लिबसी६’ आणि रेड हॅटच्या घराण्यात ‘आरपीएम -क्यू जीलिबसी’ ही आज्ञा द्या. जी आवृत्ती दिसेल ती शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवून घ्या. उबुंटू २२.०४वर पॅचच्या आधीही २.३५ दिसतं आणि नंतरही २.३५च. फरक असतो तो शेपटीत. दुरुस्त पॅकेज म्हणजे २.३५-०उबुंटू३.४. डेबियन १२साठी ते २.३६-९+डेब१२यू३ होतं. हाच किंवा यापुढचा आकडा असेल तर हा दोष बुजला आहे.

असं का, तर वितरक आपल्या स्थिर डिस्ट्रोत लायब्ररीची नवी आवृत्ती आणत नाहीत, जुन्या आवृत्तीतच फक्त दुरुस्ती आणून लावतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. त्यामुळे “मूळ प्रकल्पात २.३९मध्ये दुरुस्ती झाली आणि माझ्याकडे २.३५ आहे, म्हणजे मी धोक्यात” हा हिशोब चुकतो. याच्या उलट हिशोबही चुकतो. दोष २.३४मध्ये आला म्हटल्यावर, २.२८ वापरणाऱ्या रेड हॅट ८ला धक्का नाही असं वाटेल. पण रेड हॅटने तो सदोष कोडही आपल्या जुन्या आवृत्तीत बॅकपोर्ट केला होता, म्हणून रेड हॅट ८लाही पॅच काढावा लागला. नुसत्या आकड्यावरून कधीच निष्कर्ष काढू नका. आपल्या डिस्ट्रोच्या सुरक्षा पानावर सीव्हीई क्रमांक टाका, आपल्या आवृत्तीपुढे काय लिहिलंय ते वाचा. मशीनवरच बघायचं असेल तर ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग जीलिबसी’ किंवा ‘एपीटी चेंजलॉग लिबसी६’ चालवून त्यात सीव्हीई क्रमांक शोधा.

दोष आहे की नाही हे तपासायला इंटरनेटवर सापडलेला एक्सप्लॉइट, म्हणजे दोषाचा गैरफायदा घेणारा प्रोग्रॅम, चालू सर्व्हरवर चालवू नका. त्यात आणखी काय लपवलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि आवृत्ती वाचून उत्तर मिळत असताना त्याची गरजही नसते.

पायरी तिसरी: वेळ ठरवा आणि सांगा

रेल्वेचा मेगाब्लॉक मुंबईकराला चालतो, कारण तो आदल्या दिवशी कळतो: कोणत्या मार्गावर, किती ते किती, गाड्या कुठून वळवल्या आहेत. तुमच्या सर्व्हरचा ब्लॉकही तसाच जाहीर करा. पॅथॉलॉजी लॅब असेल तर सकाळचे सात ते अकरा हे नमुने घ्यायचे तास, त्यांना हात लावायचा नाही. पतसंस्थेत महिनाअखेर आणि महिन्याची सुरुवात टाळायची. सीए ऑफिसात रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा टाळायच्या. पण “सोयीची वेळ मिळाली की करू” म्हणत महिना जाऊ देऊ नका. दोष उघड झाला आणि पॅच आला, की जगाला उघड्या मशीनसाठी मी एक-दोन रात्रींपेक्षा जास्त थांबणार नाही.

संदेश साधा असू द्या: “नमस्कार मॅडम, सर्व्हरच्या सुरक्षेचं तातडीचं काम आहे. आज रात्री ११ ते १२ या वेळेत रिपोर्टचं सॉफ्टवेअर बंद राहील. रात्रीच्या तातडीच्या रिपोर्टसाठी तेवढा वेळ छापील फॉर्म वापरावेत. काम झालं की मी कळवतो.” त्यात काय बंद राहील, किती वेळ आणि तोवर काय करायचं, हे तिन्ही आलं पाहिजे.

ऑफिसातच ठेवलेलं मशीन असेल तर पावसाचा विचार करा. ४.५ मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. त्या दिवशी जोराचा पाऊस लागला की हिंदमाता आणि सायनकडचे रस्ते तुंबतात. मशीन रीबूटनंतर उठलं नाही आणि कुणी तिथे पोचू शकलं नाही, तर सकाळी अख्खं ऑफिस बसून राहील. अशा रात्री दूरवरून रीबूट करू नये. यूपीएसची बॅटरीही आधी बघून घ्या.

पायरी चौथी: आधीची तयारी

क्लाउडवर असाल तर स्नॅपशॉट, म्हणजे अख्ख्या डिस्कची त्या क्षणाची प्रत, घ्या. स्वतःचं मशीन असेल तर डेटाबेसचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या मशीनवर हलवा आणि एकदा उघडून बघा. ‘डीएफ -एच’ने डिस्कवर जागा किती आहे ते तपासा. जागा संपल्यामुळे अर्धवट बसलेली जीलिबसी फार त्रास देते.

एसएसएचच्या, म्हणजे दूरवरून सुरक्षित लॉगिनच्या, दोन खिडक्या उघडा. दुसरीत ‘सुडो -आय’ करून रूटचा शेल तसाच उघडा ठेवा. काही बिनसलं तर नवं लॉगिन किंवा सुडो चालेलच असं नाही, पण आधीच उघडा असलेला शेल बहुतेक टिकतो. पहिल्या खिडकीत टीमक्स सुरू करून त्याच्या आतच काम करा, म्हणजे इंटरनेट तुटलं तरी आज्ञा मध्येच मरणार नाही. कुर्ला ते सायनच्या मधे, धावत्या गाडीत, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम करू नका.

वर्षभर रीबूट न झालेलं मशीन असेल, तर पॅचच्या आधी एकदा नुसतं रीबूट करा. कुणीतरी हाताने सुरू केलेली सेवा, फाइलीत न लिहिलेलं माउंट, असल्या गोष्टी रीबूटनंतरच उघड्या पडतात. त्या आधीच दिसल्या की नंतर पॅचवर खापर फुटत नाही आणि शोधाशोधही निम्मी होते.

पायरी पाचवी: पॅच

उबुंटू किंवा डेबियनवर आधी ‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘सुडो एपीटी अपग्रेड’. आत्ता फक्त एवढंच पॅकेज हवं असेल तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल --ओन्ली-अपग्रेड लिबसी६ लिबसी-बिन’. रेड हॅट, रॉकी, अल्मा किंवा फेडोरावर ‘सुडो डीएनएफ अपग्रेड जीलिबसी’.

प्रश्नांना आपोआप होकार देणारा ‘-वाय’ इथे लावू नका. एपीटी काय काय बदलणार आहे ते सांगतं, ते वाचा. काढून टाकायच्या पॅकेजांची यादी दिसली तर थांबा, होकार देऊ नका, आधी कारण शोधा. जीलिबसीच्या सुरक्षा पॅचला काहीही काढून टाकावं लागत नाही. मध्येच वीज गेली किंवा काम अर्धवट राहिलं, तर ‘सुडो डीपीकेजी --कन्फिगर -ए’ने ते पूर्ण करता येतं.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. मूळ प्रकल्पाचा कोड उतरवून, स्वतः कंपाइल करून, सिस्टिमच्या लायब्ररीवर टाकायचा नाही. जीलिबसीची फाइल हलली किंवा तिचं नाव बदललं की फाइलींची यादी दाखवणारी साधी आज्ञासुद्धा चालेनाशी होते, मग चूक सुधारणार कशाने? पॅच डिस्ट्रोकडूनच घ्यायचा.

पायरी सहावी: जुनी लायब्ररी मेमरीतून घालवा

डिस्कवरची फाइल बदलली, तरी आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसच्या मेमरीत जुनीच लायब्ररी असते. नव्याने सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमला नवी मिळते. लूनी ट्यूनेबल्सचा दोष लोडरमध्ये होता, आणि लोडर प्रोग्रॅम सुरू होतानाच चालतो. त्यामुळे पॅकेज बसल्यावर सुरू होणाऱ्या सुडोला लगेच दुरुस्त लोडर मिळायचा. हे खरं आहे, आणि याच्या जोरावर काही जण रीबूट टाळतात. पण जीलिबसीतला प्रत्येक दोष असा नसतो. २०१५ साली जाहीर झालेला ‘घोस्ट’ हा दोष होस्टचं नाव शोधणाऱ्या फंक्शनमध्ये होता. दिवसेंदिवस चालू असणारा मेल सर्व्हर ते जुनं फंक्शन मेमरीत धरून बसतो, आणि पॅकेज नवं असलं तरी दोष जिवंत राहतो. कोणता दोष कोणत्या जातीचा, याचा काथ्याकूट नवख्या माणसाने रात्री बारा वाजता करू नये. जीलिबसी बदलली की रीबूट, हा नियम ठेवा.

रीबूटआधी बघायचं असेल, तर ‘सुडो एलएसओएफ’च्या उत्तरात लिबसी शोधा. ज्या ओळीत डीईएल दिसेल, ती प्रोसेस जुनी फाइल धरून आहे. उबुंटू सर्व्हरवर नीडरीस्टार्ट नावाचं साधन अपग्रेडनंतर स्वतःच विचारतं की कोणत्या सेवा पुन्हा सुरू करू. रेड हॅटवर ‘नीड्स-रीस्टार्टिंग -आर’ आहे. नीडरीस्टार्ट स्वतःही अद्ययावत हवं. नोव्हेंबर २०२४मध्ये त्यातच साध्या युजरला रूट देणारे दोष जाहीर झाले होते.

रीबूट झाल्यावर तीन तपासण्या. पॅकेजची पूर्ण आवृत्ती पुन्हा वाचून मघाच्या आकड्याशी ताडून बघा. ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’, म्हणजे बंद पडलेल्या सेवांची यादी, रिकामं आहे का ते पाहा. आणि खरं काम करून बघा: लॅबमधल्या माणसाला एक चाचणी नोंद करून रिपोर्ट छापायला सांगा, पतसंस्थेत एक पासबुक भरून बघा. प्रिंटरपर्यंत कागद आला की मगच “काम झालं” असा निरोप पाठवा.

कंटेनर विसरू नका

डॉकर कंटेनर यजमान मशीनचा कर्नल (लिनक्सचा गाभा) वापरतो, पण लायब्ररी स्वतःची आणतो. यजमान पॅच केला तरी डेबियनवर बांधलेल्या कंटेनरच्या पोटात जुनी जीलिबसी तशीच राहते, आणि रीबूटनंतर ती पुन्हा जशीच्या तशी उभी राहते. त्यासाठी मूळ इमेज (कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो साचा) नव्याने ओढून घेऊन आपली इमेज पुन्हा बांधावी लागते. ‘डॉकर बिल्ड’ला ‘--पुल’ आणि ‘--नो-कॅश’ हे दोन्ही पर्याय द्या, नाहीतर जुनेच थर पुन्हा वापरले जातात. मग कंटेनर नव्या इमेजवरून उभा करा. चालू कंटेनरमध्ये शिरून तिथेच अपग्रेड करणं हा उपाय नाही, कारण पुढच्या वेळी कंटेनर नव्याने उभा राहिला की ते पुसलं जातं.

पॅचच मिळत नसेल तर

डिस्ट्रोची मुदत संपली असेल तर सुरक्षा पॅच येत नाहीत. सेंटओएस ८ची मुदत ३१ डिसेंबर २०२१ला संपली, सेंटओएस ७ची ३० जून २०२४ला. उबुंटू २३.०४चं उदाहरण बघा. त्याची मुदत २५ जानेवारी २०२४ला संपली, आणि ३० जानेवारीला जीलिबसीच्या, लॉग लिहिणाऱ्या सिसलॉग भागातला, पुन्हा रूट देणारा, सीव्हीई-२०२३-६२४६ हा दोष जाहीर झाला. उबुंटू २३.०४ही त्या दोषाच्या टप्प्यात होतं. ऑफिसच्या सर्व्हरवर नऊ महिन्यांच्या मुदतीचं डिस्ट्रो नको, दीर्घ मुदतीचंच टाका.

नवीन मशीन उभं राहीपर्यंत काय करायचं? अनावश्यक लॉगिन बंद करा. ‘फाइंड’ला ‘-पर्म -४०००’ देऊन सेटयूआयडी प्रोग्रॅमांची यादी काढा, आणि ज्यांचं काम नाही त्यांची ती खूण उतरवा. वेबसाइट त्या मशीनवरून हलवा. हे सगळं तात्पुरतं आहे, आणि मालकाला ते तात्पुरतं असल्याचं लेखी कळवा. मालक खर्चाला तयार होतो तो बहुधा अशा लेखी निरोपानंतरच.

आधीच कुणी आत येऊन गेलंय का?

पॅचने दार बंद होतं, पण आत असलेला बाहेर जात नाही. दोष जाहीर झाल्याच्या तारखेपासून पॅचच्या रात्रीपर्यंतचे लॉग वाचा. ‘व्हार-लॉग’मधली लॉगिनची फाइल, ‘लास्ट’ आज्ञेचं उत्तर, रूटच्या घरातली एसएसएच किल्ल्यांची फाइल, क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) नोंदी बघा. नवा युजर, अनोळखी किल्ली, कारण नसताना शंभर टक्क्यांवर चालणारा प्रोसेसर, यांतलं काही दिसलं तर मशीन बंद करू नका आणि साफसफाईही करू नका. नेटवर्कपासून तोडा, स्नॅपशॉट घ्या, लॉगची प्रत दुसरीकडे ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. हे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. त्यानंतर ते मशीन दुरुस्त करत बसू नका. रूट एकदा दुसऱ्याच्या हाती गेलं असेल, तर मशीन कोऱ्या डिस्कवरून उभं करा आणि डेटा त्या तारखेच्या आधीच्या बॅकअपमधून आणा. जुन्या मशीनवरचे सगळे पासवर्ड आणि किल्ल्या बदला, बँकेच्या आणि ईमेलच्याही.